अंकातले सर

पानतावणे सरांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. तरीही मी त्यांना सर म्हणतो, आणि छत्रपती संभाजीनगरात असं म्हणणारा मी एकटा नाही. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हापासून इथल्या लिहिणाऱ्या, छापणाऱ्या, भाषणं करणाऱ्या आणि नुसतंच वाचणाऱ्या कितीतरी माणसांच्या मनात ‘सर’ म्हटलं की आधी तेच उभे राहत. डॉ. गंगाधर पानतावणे हे मराठीचे प्राध्यापक. आधी मिलिंद महाविद्यालयात, पुढे विद्यापीठात. त्यांच्या हजेरीपटावर ज्यांची नावं लागली ते भाग्यवानच. पण सरांचा मोठा वर्ग हजेरीपटात मावणारा नव्हता. तो टपालाने घरोघर जायचा. त्याचं नाव ‘अस्मितादर्श’, सरांनी चालवलेलं त्रैमासिक.

27 मार्च 2018 रोजी सर गेले, वयाच्या 80व्या वर्षी. त्याच जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. अभिनंदनाचे फलक पुरते उतरलेही नव्हते आणि शहराला श्रद्धांजलीचे शब्द शोधावे लागले. मी तेव्हा एका वृत्तपत्राच्या डेस्कवर होतो. निधनाच्या बातमीचा साचा ठरलेला असतो. जन्म नागपूरचा, 28 जून 1937. ग्रंथ अमुक, पुरस्कार तमुक, अंत्यविधी कुठे. बातमी त्या साच्यात व्यवस्थित बसली. मात्र दिवसभर तालुक्यांच्या गावांतून जे फोन येत राहिले, ते कुठल्याच चौकटीत बसेनात. कुणी निवृत्त शिक्षक होते, कुणी बँकेतले, कुणी शेती करणारे. बहुतेकांच्या बोलण्याची सुरुवात एकच: माझं पहिलं लेखन सरांनी छापलं. वाक्य एवढंच, पण ते बोलताना प्रत्येकाचा आवाज भरून येत होता. इतक्या लोकांना एकच ऋण इतक्या वर्षांनी आठवावं, असं या माणसाने नेमकं काय शिकवलं होतं, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासोबत आहे.

पत्रकारिता शिकताना आम्हाला पहिल्या आठवड्यात बातमीचे ककार शिकवले गेले. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. ते घोकून आम्ही मंत्र्यांच्या दौऱ्याची, अपघाताची, महापालिकेच्या सभेची बातमी लिहायला शिकलो. त्याच वर्षी सरांचं ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हे पुस्तक हाती पडलं. डॉक्टरेटच्या प्रबंधातून आलेला हा ग्रंथ. त्याने मला या सगळ्या ककारांच्या आधी येणाऱ्या प्रश्नापाशी नेऊन उभं केलं: जे ‘कोण’च्या रकान्यात कधी येतच नाहीत, त्यांचं काय? ज्यांच्या गावातला पाणवठा, ज्यांची सभा, ज्यांच्यावरचा बहिष्कार ही बातमीच धरली जात नाही, त्यांच्यासाठी पत्रकारिता म्हणजे काय?

बाबासाहेबांची घटना सगळ्यांना ठाऊक, महाडचा सत्याग्रह ठाऊक, धर्मांतर ठाऊक. संपादक बाबासाहेब मात्र फार कमी लोकांना ठाऊक होते. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघालं तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून अंकावर त्यांचं नाव नव्हतं, पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने मात्र या नव्या पत्राची जाहिरात पैसे मोजूनही छापायला नकार दिला. म्हणजे एक आवाज निघाला होता, आणि आवाज निघाला आहे ही वार्ता पोचवायलाही जागा मिळत नव्हती. महाडनंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 ला, ‘बहिष्कृत भारत’ आलं. त्यात ‘आजकालचे प्रश्न’, ‘प्रासंगिक विचार’ अशी सदरं असत आणि अंकाचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरून काढावे लागत. पैसा नाही, लेखक नाहीत, वर्गणीदार गरीब. मग ‘समता’, मग 1930 मध्ये ‘जनता’, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, 4 फेब्रुवारी 1956 ला, ‘प्रबुद्ध भारत’. छत्तीस वर्षांत एक पत्र बंद पडलं की दुसरं उभं राहिलं.

ही सगळी वाट सरांनी अभ्यासकाच्या चिकाटीने पुन्हा चालून पाहिली, आणि तेही ऐंशीच्या दशकात. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली एकत्र छापून दिले ते 1990 मध्ये. त्याआधी या अंकांवर काम करायचं म्हणजे कुणाच्या घरच्या पेटीतले, कुणा कार्यकर्त्याने जिवापाड जपलेले, बोट लावलं तरी कोपरा तुटेल असे कागद वाचणं. आज आम्ही पत्रकारितेच्या इतिहासात ‘दर्पण’ आणि ‘केसरी’च्या ओळीत ‘मूकनायक’चं नाव सहज घेतो. ते नाव त्या ओळीत यावं म्हणून ज्यांनी हाडाची काडं केली, त्यांत सर पुढे होते.

पण पुस्तक लिहून थांबणारा हा अभ्यासक नव्हता. ज्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला, त्या प्रश्नाला ते कितीतरी आधीपासून दर अंकागणिक उत्तर देत आले होते. त्यासाठी नागसेनवनात जायला हवं.

छावणीकडून विद्यापीठाच्या दिशेने निघालं की मध्ये झाडीत वसलेला हा परिसर लागतो. निजामाच्या काळात पदवीचं शिक्षण घ्यायचं तर मराठवाड्यातल्या पोराला हैदराबाद गाठावं लागे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय काढलं. पायाभरणी 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली, आणि बांधकामावर बाबासाहेबांची स्वतःची नजर होती. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हा उत्तरं देणारा भिक्खू, आणि त्यांच्या संवादाचा ग्रंथ ‘मिलिंदपन्ह’. राजाने अवघड प्रश्न विचारावेत आणि भिक्खूने न रागावता त्यांची उत्तरं द्यावीत, हे ज्या जागेच्या नावातच आहे, तिथे संवादाचं शिक्षण रुजलं नसतं तरच नवल.

साठच्या दशकात नागपूरहून आलेले पानतावणे सर या वातावरणात मिसळून गेले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी याच महाविद्यालयात ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं होतं. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य त्यांनी जवळून वाचलं होतं. आपल्याकडच्या मुलांनीही आपलं जगणं आपल्या शब्दांत लिहिलं पाहिजे, ही चर्चा इथल्या वर्गांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत तापू लागली होती. 1967 साली इथून ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघालं, लवकरच त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं, आणि सरांनी त्याची धुरा घेतली ती शेवटपर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षं.

हे आठवलं की मला दूरच्या एका प्राध्यापकाची आठवण होते. डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. 1910 मध्ये त्यांनी ‘द क्रायसिस’ हे मासिक सुरू केलं आणि चोवीस वर्षं चालवलं. लँग्स्टन ह्यूज या कोवळ्या पोराची नदीवरची कविता 1921 साली त्याच मासिकात आली, आणि अमेरिकेच्या कवितेला एक नवा कवी मिळाला. बाबासाहेबांनी 1946 मध्ये याच द्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. सिडनहॅमचे प्राध्यापक, अटलांटाचे प्राध्यापक आणि नागसेनवनातले प्राध्यापक, तिघांनाही एक गोष्ट उमगली होती. ज्या समाजाला शतकानुशतकं बोलू दिलं गेलं नाही, त्याला शिकवायला वर्गाच्या चार भिंती अपुऱ्या पडतात. त्याला छापील पान लागतं, ज्यावर तो स्वतःचं नाव वाचू शकेल.

अशा त्रैमासिकाचा संसार किती कठीण असतो, हे छपाईच्या धंद्यात वावरलेल्यालाच कळेल. जाहिराती जवळजवळ नसतात. वर्गणीदार मनीऑर्डर पाठवतो, पण दोन वर्षांची थकवून. कागदाचा भाव वाढतो, टपालाचा दर वाढतो. खिळ्यांची जुळणी होती तेव्हा प्रूफं हाताने तपासायची, चूक सापडली की अख्खी ओळ उपसायची. अंक छापून आला की पत्ते लिहायचे, वेष्टनं चिकटवायची, गठ्ठे टपालात नेऊन टाकायचे. आणि हे सगळं आटोपतं न आटोपतं तोच पुढच्या अंकाचा मजकूर गोळा करायचा. नोकरी सांभाळून, शिकवणं सांभाळून, घर सांभाळून. पहिली दोन-तीन वर्षं उत्साहावर निघतात. पाच वर्षांनी बहुतेक संपादक थकतात. अर्धशतक टिकायला उत्साहापेक्षा खोल काहीतरी लागतं.

ते खोल काहीतरी म्हणजे काय, हे मला औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयात ‘अस्मितादर्श’चे जुने अंक चाळताना कळलं. एका कथेतली म्हातारी माझ्या आजीसारखी बोलत होती. तेच हेल, तेच ‘व्हय’ आणि ‘न्हाय’, तीच लेकराला घातलेली हाक. आमच्या शाळेत हे शब्द वहीत आले की लाल शाई पडायची. इथे ते छापून आले होते, कुणीही त्यांना पॉलिश केलं नव्हतं. मी तो अंक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या घरची भाषा छापण्याच्या लायकीची आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, आणि सांगणाऱ्याला माझं नावही माहीत नव्हतं.

शिक्षक दोन प्रकारे घडवतो. आपल्याकडचं देतो, हा एक प्रकार. समोरच्याकडे जे आहे ते मोलाचं आहे, याची त्याला खात्री पटवतो, हा दुसरा. दुसरा प्रकार अधिक अवघड, कारण त्यात शिक्षकाला स्वतः मागे सरावं लागतं. सर स्वतः समर्थ लेखक होते. ‘मूल्यवेध’, ‘विद्रोहाचे पाणी पेटले आहे’, ‘वादळाचे वंशज’ ही त्यांची पुस्तकं याची साक्ष देतात. तरीही त्यांनी आयुष्याचा मोठा हिस्सा दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात, त्यांना पत्रं लिहिण्यात, त्यांच्यासाठी पानं राखण्यात घालवला. दया पवार, वामन निंबाळकर, त्र्यंबक सपकाळे, योगीराज वाघमारे यांच्यासारख्या लेखकांच्या वाटचालीत ‘अस्मितादर्श’ हा महत्त्वाचा टप्पा आहे. पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं. नागसेनवनातच घडलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ त्याच्या पुढच्या वर्षी. ही पुस्तकं आली तेव्हा मराठी वाचक हादरला. पण तो हादरा झेलू शकणारा, या अनुभवाला साहित्य म्हणून सामोरा जाणारा वाचकवर्ग त्याआधीचं एक दशक या त्रैमासिकाने तयार करत आणला होता, हे विसरता कामा नये.

सरांनी जे मेळावे भरवले, त्यांचं नाव होतं लेखक-वाचक मेळावा. साहित्याच्या मांडवात लेखक मंचावर आणि वाचक सतरंजीवर, ही आपली सवय. इथे वाचकाला नावातच जागा होती. मुळात या चळवळीत आजचा वाचक हा उद्याचा लेखक होता, त्यामुळे दोघांमध्ये भिंत घालणं परवडणारंही नव्हतं. आजच्या परिभाषेत आम्ही याला दुतर्फा संवाद म्हणतो आणि त्यावर परीक्षेत प्रश्न घालतो. सरांनी तो गावोगाव घडवून आणला.

हे काम शांत दिवसांत झालं, असंही नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला. मधली साडेपंधरा वर्षं ही या प्रदेशाच्या मनावरची न बुजणारी जखम आहे. त्या काळात कोणतं वृत्तपत्र काय छापत होतं आणि काय गाळत होतं, हा आमच्या व्यवसायाने पुन्हा पुन्हा तपासावा असा विषय आहे. त्याच काळात, त्याच शहरात, एक प्राध्यापक कविता छापत होता, वाद छापत होता, प्रतिवाद छापत होता. ज्यांची घरं जळली, त्यांच्या हातात लेखणी टिकून राहिली पाहिजे, याची काळजी वाहत होता. संतापाला शब्द मिळाला की त्याचं विचारात रूपांतर होण्याची वाट खुली होते. ही वाट खुली ठेवणं हे त्या काळातलं फार मोठं सामाजिक काम होतं, असं मी मनापासून मानतो.

मानसन्मान आले. 2009 मध्ये अमेरिकेत सॅन होजे इथे पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष सर होते. नागपूरच्या वस्तीतून निघालेला, नागसेनवनात उभा राहिलेला आवाज जगभरच्या मराठी माणसांच्या पहिल्या मेळाव्यात अध्यक्षस्थानावरून ऐकला गेला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मात्र त्यांच्या वाट्याला आलं नाही. याची रुखरुख त्यांच्या चाहत्यांना आजही आहे, मलाही आहे. पण त्यांचं मोजमाप त्या खुर्चीने करू नये. ते करायचं तर दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर जावं. लाखोंचा समुदाय तिथे नतमस्तक व्हायला येतो. आणि त्या गर्दीत सगळ्यात दाट गर्दी कुठे असते? पुस्तकांच्या दुकानांपाशी. खेड्यातून आलेली माणसं पुस्तकं हातात घेऊन पाहतात, किंमत विचारतात, पिशवीत घालून घरी नेतात. हा वाचक आपोआप जन्माला आलेला नाही. तो कुणीतरी घडवला आहे.

आता मी अधूनमधून पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला जातो. मुलं हुशार आहेत. प्रत्येकाच्या हातात फोन आहे, प्रत्येकाचं चॅनल आहे, बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. मग संपादकाची गरज काय, असं ती विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. मी त्यांना पानतावणे सरांबद्दल सांगतो. बोलायची सोय होणं आणि ऐकलं जाणं यांत मोठं अंतर आहे. आज कोट्यवधी लोक एकाच वेळी बोलतात. त्या गलक्यात ज्याचा आवाज मुळातच दबका आहे, तो आजही दबलेलाच राहतो. अशा वेळी कुणीतरी थांबून त्याचं हस्तलिखित वाचावं लागतं, हे तू लिहिलंस ते महत्त्वाचं आहे असं त्याला कळवावं लागतं, आणि त्याच्यासाठी आपल्या पानावर जागा रिकामी करावी लागते. ते काम कुठलंही यंत्र करणार नाही. ते माणसाने माणसासाठी करायचं काम आहे, आणि संवादाच्या शिक्षणाचा गाभा तोच आहे. पुढच्या वर्षी यांतली काही मुलं डेस्कवर बसतील. तालुक्याच्या वार्ताहराने पाठवलेली, जागेअभावी बाजूला पडलेली बातमी त्यांच्यासमोर येईल. त्या क्षणी त्यांना सर आठवावेत, एवढीच माझी इच्छा असते.

सरांचं स्मारक व्हावं, अशी भाषा आपल्याकडे होते. पुतळे आणि सभागृहं जे बांधतील ते बांधोत. माझं मागणं साधं आहे. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत ‘अस्मितादर्श’चे जुने अंक माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी पडून असतील. वडील गेले, आजोबा गेले, आता कागद कशाला ठेवायचे, म्हणून ते रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा गावच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि ग्रंथपालांनी ते नीट बांधून वाचकांसाठी मांडावेत. ‘मूकनायक’चे अंक शोधताना अभ्यासकांच्या एका पिढीला जी पायपीट करावी लागली, ती ‘अस्मितादर्श’साठी पुढच्या पिढीला करावी लागू नये. आणि पत्रकारिता शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पहिल्या वर्षीच ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ वाचावं. सरांच्या वर्गाला प्रवेशपरीक्षा कधीच नव्हती, आजही नाही.